शेपटाचे राहू द्या, कुत्र्याला ‘बस’ शिकवा

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आपण वापरतो ती माणसांसाठी. पण कुत्री पाळणाऱ्या पुष्कळ मंडळींनी ती कुत्र्याच्या बाबतीतही खरी धरलेली दिसते. त्याला काय शिकवायचे, त्याचा स्वभावच तसा, असे म्हणून ही मंडळी मोकळी होतात. शेपटाचा बाक हा हाडांचा प्रश्न आहे, तो बदलत नाही हे कबूल. वागण्याचे तसे नाही. दुसरी म्हण, भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही तर दवाखान्यात वरचेवर खोटी ठरते. भुंकणारे कुत्रे चावते, न भुंकणारेही चावते. आणि ज्याच्याबद्दल ‘ते काही करत नाही हो, या तुम्ही आत’ असे फाटकातून ओरडून सांगितले जाते, त्याच्यापासून तर जरा जपूनच राहावे.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याच्या शिकवणीचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. शिकवणी न झालेले पाळीव कुत्रे हा घरातल्या माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या प्रकृतीला धोका आहे. आपण मोकाट कुत्र्यांवर भरपूर बोलतो, निवेदने देतो, नगरपालिकेच्या सभेत त्यावर गदारोळ होतो. रेबीजचा मोठा धोका लस न टोचलेल्या मोकाट कुत्र्यांकडूनच आहे, यात वाद नाही. पण जखम धुताना ‘कुत्रे कोणाचे?’ असे विचारावे, तर ‘आमचेच’ किंवा ‘शेजारच्यांचे’ हे उत्तर वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा मिळते. लहान मुलांना चावणारे कुत्रे बहुधा ओळखीचे असते, असे निरनिराळ्या देशांतील नोंदीही सांगतात. मूल जितके लहान तितका चावा तोंडावर बसण्याचा संभव जास्त, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या जबड्याच्या उंचीवर येतो. ओठ फाटतो, पापणी फाटते. इतर जखमांप्रमाणे ही जखम लगेच शिवून टाकता येत नाही, कारण रेबीजचा धोका असताना घाईने टाके घालणे योग्य नसते. आधी जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन भरावे लागते. व्रण राहतो तो जन्मभर. शिवाय भीती राहते ती वेगळी.

म्हाताऱ्यांचे दुखणे निराळे. निवृत्तीनंतर मुलाने ‘बाबा, तुम्हाला सोबत होईल’ म्हणून लॅब्राडोर आणून दिलेला असतो. सकाळी फिरायला जाताना पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. समोरून मांजर गेले की पस्तीस किलोचे धूड उसळी मारते आणि बाबा रस्त्यावर. मनगटाचे हाड मोडले तर नशीब म्हणायचे. खुब्याचे मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि पुढचे सगळेच आले. कुत्र्याने यात काही गुन्हा केलेला नसतो. पट्टा ओढायचा नसतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

चावण्याच्या प्रसंगांची हकीकत ऐकली की थोड्याफार फरकाने सारखीच असते. कुत्रे खात होते, मूल मागून येऊन त्याच्या गळ्यात पडले. किंवा कुत्रे पलंगाखाली झोपले होते आणि मुलाने शेपूट ओढले. आई सांगते, ‘डॉक्टर, गुरगुरलेसुद्धा नाही हो, एकदम चावले.’ मग थोडे खोदून विचारावे. आधी कधी गुरगुरत असे का? हो, पूर्वी गुरगुरायचे. मग? मग ह्यांनी दोन-चारदा चपलेने चांगले बडवले, तेव्हापासून बंद झाले.

इथेच सगळी मेख आहे. गुरगुरणे हे तापासारखे असते. ताप हा रोग नव्हे, आत काहीतरी बिघडले आहे याची ती सूचना आहे. कुत्रे गुरगुरते तेव्हा ते एवढेच सांगत असते की मला हे सोसत नाही, जरा दूर व्हा. त्याला त्याबद्दल मार मिळाला की ते सांगणे सोडून देते. सोसत नाही हे तसेच राहते. घरच्यांना वाटते सुधारले; प्रत्यक्षात त्यांनी थर्मामीटर फोडून टाकलेला असतो. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. मुलाला शांतपणे बाजूला करावे आणि कशामुळे गुरगुरले ते शोधावे. एरवी गरीब असलेले कुत्रे अचानक चिडके झाले तर आधी ते जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. कानातला पू, दुखरा दात, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे ही कारणे पुष्कळदा निघतात. खरे तर गुरगुरण्याच्याही आधी ते बरेच काही सांगते. अंग ताठ करते, खाता खाता एकदम थांबते, तोंड फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवते, भूक नसताना ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते. फोटोसाठी मुलाला कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला लावतात ना, त्यांपैकी निम्म्या फोटोंत मला हेच दिसते. घरच्यांना ते हसणारे कुत्रे वाटते.

‘मालक कोण ते त्याला दाखवून दिलेच पाहिजे’ हे आपल्याकडे कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाने कोणाकडून तरी ऐकलेले असते. या समजुतीला इतिहास आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस खात्यातल्या माणसाने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. पुढे लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणावर त्याची छाप राहिली, आणि त्यात हिसका आणि छडी यांना मानाचे स्थान होते. नंतर १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल याने स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर निबंध लिहिला. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले, तेव्हा ते वर्चस्वासाठी भांडत राहिले. त्यावरून लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो आणि बाकीचे त्याला दबून असतात, असे चित्र तयार झाले. आणि कुत्रा लांडग्याचाच वंशज, तेव्हा घरातला दादा तुम्ही व्हा, असा उपदेश सुरू झाला. अमेरिकेतील लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघर नेली. पण याच मीच यांनी पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिले की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तिथे दादागिरीचा प्रश्नच येत नाही. आपले जुने पुस्तक छापणे थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. शास्त्रज्ञाने आपले मत मागे घेतले. आपल्या गल्लीतल्या जाणकारांनी मात्र अजून घेतलेले नाही.

आणि समजा, कुत्रा हा लांडगाच असता, तरी आपण लांडगे नाही हे त्याला कळते.

कुत्रे शिकते कसे, हे कळायला मोठे शास्त्र लागत नाही. रशियातले पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण त्या कामात त्यांच्या लक्षात आले होते की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनेही, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. जे आपल्या घरात भाकरीच्या डब्याचे झाकण वाजले की घडते, तेच. कुत्रे सतत जोडण्या करत असते. कशानंतर काय होते, आणि मी काय केले की मला काय मिळते. ज्याचा फायदा होतो ते पुन्हा करते. अंगावर उडी मारली की तुम्ही हसून डोके खाजवता, म्हणून ते उडी मारते. चप्पल पळवली की सगळे घर मागे धावते, यापरता दुसरा खेळ कोणता? आपण त्याला दिवसभर शिकवतच असतो. फक्त काय शिकवतो आहोत याकडे आपले लक्ष नसते.

मार देऊनही कुत्रे शिकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर ते आणखी काय शिकते, हा प्रश्न आहे. दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून भुंकले म्हणून गळ्याला हिसका बसला, तर ‘भुंकू नये’ हे कळण्याऐवजी ‘दुसरे कुत्रे दिसले की गळा दुखतो’ हेच कळण्याचा संभव अधिक. मग ते दुसऱ्या कुत्र्याला लांबूनच फाडायला उठते. विजेचा धक्का देणारे पट्टे तर याहून वाईट. ब्रिटनमधील वेल्सने २०१० सालीच त्यांच्या वापरावर बंदी घातली. पोलिसांची कुत्री मारूनच तयार होतात, असे काहींना वाटते. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकातला ‘जंजीर’ वाचकांना आठवत असेल. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, आणि २००० साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. वास काढणारी कुत्री तयार करण्याची रीत जगभर साधारण एकच आहे: वास सापडला की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो. त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. भीतीने थरथरणारे कुत्रे सुटकेस हुंगत बसत नाही.

आता घरी काय करायचे ते सांगतो. सर्वांत आधी घरातल्या सर्वांनी शब्द ठरवावेत. बहुतेक घरांत वडील ‘सिट’ म्हणतात, मुलगा ‘बैठ’ म्हणतो, आजी ‘अरे बस ना रे बाळा’ म्हणतात, आणि शेवटी सगळे मिळून कुत्र्याला मठ्ठ म्हणतात. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘जागेवर’ एवढे पाच शब्द पुरे. मराठीत म्हटले तरी चालते. कुत्र्याला इंग्रजीच कळते हा समज कोठून आला कोण जाणे. खाऊ म्हणून भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा कण घ्यावा. तो नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर गेले की बूड आपोआप खाली टेकते. टेकले की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. तो क्षण महत्त्वाचा. चार-पाच सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात ते उठले असेल, तर तुम्ही उठल्याबद्दल खाऊ दिलात. हालचाल जमू लागली की मग शब्द जोडावा. पाच मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नये. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. मग दारात, जिन्यात, मैदानावर, पाहुणे आल्यावर, अशा वेगवेगळ्या ठिकाणी तेच करून घ्यावे, कारण स्वयंपाकघरात शिकलेले ‘बस’ रस्त्यावर त्याला आठवेलच असे नाही. खाऊ पुढे कमी करत जावा. शाब्बासकी कमी करू नये.

‘बस’ ही शोभेची गोष्ट नाही. बसलेले कुत्रे अंगावर उडी मारू शकत नाही, दारातून सुसाट धावू शकत नाही, ताटात तोंड घालू शकत नाही. खाण्याआधी बस, दार उघडण्याआधी बस, पट्टा लावताना बस, एवढे केले तरी निम्मे घर शांत होते.

‘सोड’ याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण हाताला होणारे कितीतरी चावे तोंडातली वस्तू हिसकावताना होतात. औषधाची पट्टी असो, मुलाचा मोजा असो, आपण झेप घेतो आणि जबडा उघडू लागतो. त्याऐवजी अदलाबदल शिकवावी. साध्या खेळण्यापासून सुरुवात करून, ते तोंडात असताना नाकापुढे चांगला खाऊ धरावा. खेळणे टाकले की ‘सोड’ म्हणून खाऊ द्यावा आणि खेळणेही परत द्यावे. माणूस जवळ आला की आपले काही जात नाही, उलट काहीतरी मिळते, हे एकदा पटले की वस्तूवरून गुरगुरण्याचे कारणच उरत नाही. पिल्लू खात असताना जवळून जाता जाता वाटीत एखादा चांगला तुकडा टाकण्याची सवयही याच जातीची. तोंडापुढची वाटी ओढून ‘बघू गुरगुरते का’ अशी परीक्षा घेणारी मंडळी मात्र गुरगुरणे मुद्दाम शिकवत असतात.

‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नये. तासाभराने परत आलेल्या कुत्र्याला दारात चोप दिला, तर त्याला परत येण्याचा चोप मिळाला. पट्टा ओढू लागले की आपण जागच्या जागी थांबावे, सैल सोडले की चालावे. पहिले आठ दिवस कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही, पण पुढे बाबांचे मनगट शाबूत राहते. आणि पट्टा मनगटाला गुंडाळू नये, हे सांगितलेच.

हे सारे केव्हा सुरू करायचे? सहा महिन्यांचे होऊ द्या, मग शिकवू, असे अजूनही सांगितले जाते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते तो काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असे दाखवून दिले. या काळात जे दिसले ते आपले, जे दिसले नाही त्याची पुढे भीती, असा ढोबळ हिशेब आहे. आणि चावणारी कुत्री पुष्कळदा शूर नसतात, घाबरलेली असतात. नेमका हाच काळ लसींचा असतो. डिस्टेंपर आणि पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनी. लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका, असे म्हणून पिल्लू घरात कोंडले तर रोग टळतो पण भित्रेपण बळावते. यावर तोडगा आहे. पहिली लस टोचून आठवडा झाला की पिल्लाला उचलून न्यावे. जमिनीवर, विशेषतः मोकाट कुत्री असतात तिथे, ठेवू नये. पण कडेवरून त्याला रिक्षा, छत्री, रेनकोट, दाढीवाले काका, काठी टेकत येणाऱ्या आजी, शाळा सुटल्यावरची गर्दी हे सारे दाखवावे. प्रत्येकाबरोबर एक कण खाऊ. कुकरच्या शिट्टीची सवय घरातच होते.

साखळीबद्दल लिहिले नाही तर विषय पुरा होणार नाही. राखणीचे कुत्रे दिवसभर बांधून ठेवले की ‘कडक’ होते, कान कापले की तापट होते, असे समज आपल्या वाड्यावस्त्यांवर आहेत. कान कापल्याने फक्त जखम होते. बांधून मात्र कुत्रे खरोखरच बिघडते. त्याला पळून जाता येत नाही, तेव्हा भीती वाटली की चावणे एवढाच मार्ग उरतो. आणि साखळी तुटते त्या दिवशी ते चोराला चावेल की दूध घालायला आलेल्या पोराला, हे कोण सांगणार? १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा गुन्हा सांगितला आहे. हे कलम फारच थोड्यांना ठाऊक आहे. आणि पाळलेल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्या मालकाला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावली की जबाबदारी संपली, असे नाही.

शिकवणीवाले आता जिल्ह्याच्या गावीही मिळू लागले आहेत. काही फार चांगले आहेत. पण पाटी लावली की झाला शिक्षक, अशीही स्थिती आहे. ‘कुत्रा महिनाभर माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो’ म्हणणाऱ्याकडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तयार होईल त्याच्यासाठी. तुमच्या घरी येऊन पुन्हा पहिलेच पाढे. जो घरच्या माणसांना शिकवतो, तुमच्यादेखत शिकवतो आणि ज्याला पाहून कुत्रे शेपूट पोटाखाली घेत नाही, तो शिक्षक चांगला.

माझे दुसरे मत नगरपालिकेसाठी आहे. ज्या शहरांत पाळीव कुत्र्यांची नोंदणी होते, तिथे ती पैसे भरून पावती घेण्यापुरती राहते. नोंदणीच्या वेळी रेबीजच्या लसीचा दाखला पाहावाच. शिवाय पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात रविवारी सकाळी तासभर नव्या पिल्लांच्या मालकांना बोलावून या चार गोष्टी दाखवाव्यात. खर्च जवळजवळ नाही. घरच्यांना आवरेनासे झालेले कुत्रे एका रात्री गाडीत घालून औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे सोडले जाते, हे सर्वांना माहीत आहे. नसबंदी न झालेले, पुढची लस कधीच न मिळणारे असे ते कुत्रे मोकाटांत मिसळते, आणि त्याचे बिल मग सगळ्या गावाला येते.

मुलांनाही थोडे शिकवावे लागते. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. परके कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे, त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही. आणि पाच-सहा वर्षांच्या आतले मूल आणि कुत्रे, कितीही गरीब असो, दोघांनाच खोलीत ठेवायचे नाही. ही शेवटची सूचना अर्थात मोठ्यांसाठी.

एवढे करूनही चावा होऊ शकतो. झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी; घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा पुष्कळ लांब असतात. तिखट, चुना, हळद, रॉकेल काही लावू नये. नंतर लगेच दवाखान्यात जावे. पोटातली चौदा इंजेक्शने ही आता जुनी गोष्ट झाली. ती लस भारतात २००४ च्या अखेरीपासून बंद आहे. आता सरकारी रुग्णालयात बहुधा त्वचेत दिली जाणारी लस असते, ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत भरण्याचे प्रतिद्रव्यही लागते, त्याची आठवण डॉक्टरांना जरूर करावी. कुत्रे घरचे आहे, लस टोचलेले आहे, म्हणून थांबू नये. उपचार सुरू करावेत आणि कुत्र्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे. त्याला मारून टाकू नये, सोडूनही देऊ नये. ते दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढची इंजेक्शने घ्यायची की नाहीत, हे डॉक्टर ठरवतील.